सासूबाईंनी भरलेला अंतरपट

माझ्या सासूबाईंनी जन्मभर भरतकाम केलं. टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, चर्चच्या मेजावरची कापडं, बाप्तिस्म्याच्या बाळांची टोपडी. त्यातली एकच वस्तू त्यांनी फाडण्यासाठी केली, आणि ती होत होती तेव्हा मी शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होते.

आम्ही भाईंदरला, नवघरला राहतो. सासूबाई मिशनच्या शाळेत शिवणकाम शिकवायच्या. भायखळ्याची भाड्याची जागा सोडून त्या इकडे आल्या, तेव्हा माझा नवरा कॉलेजात होता आणि सासरे नुकतेच गेले होते. मी डोंबिवलीच्या हिंदू घरातली. नवरा आणि मी एका ऑफिसात होतो. लग्न रजिस्टर झालं आणि मग चर्चमध्ये आशीर्वादाची उपासना झाली. माझे आईवडील रजिस्ट्रारच्या ऑफिसात आले, चर्चमध्ये आले नाहीत. निघताना आई एवढंच म्हणाली, "साधा अंतरपटसुद्धा नाही गं धरला तुमच्यामध्ये."

मी बाप्तिस्मा घेतला नाही. घेणार नाही असंही कधी म्हटलं नाही. दर रविवारी मी सासूबाईंबरोबर उपासनेला जाते, गीतं म्हणते, प्रवचन ऐकते. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला बाप्तिस्मा झालेले सगळे पुढे जातात तेव्हा मी जागेवर बसून राहते. सासूबाई परत येऊन शेजारी बसल्या की माझ्या हातावर हात ठेवतात. यावरून आमच्या घरात भांडण कधीच झालं नाही. बोलणंही कधी झालं नव्हतं.

आमची चर्चची मंडळी लहान आहे, एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, तरुण आहेत, त्यांना काही ना काही सुचत असतं. त्या वर्षी ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या आधी त्यांनी ठरवलं की बायबलच्या जुन्या करारातला निवासमंडप खऱ्या मापाचा उभा करायचा. इस्राएली लोक मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटून रानात भटकत होते, तेव्हा देवासाठी त्यांनी जो तंबू केला, तो. बाहेर मोठं अंगण, अंगणात होमवेदी आणि हातपाय धुवायचं पितळी गंगाळ. मग तंबू. तंबूत एका बाजूला भाकरींचं मेज, समोर दीपवृक्ष, पुढे धूपवेदी. मग अंतरपट. त्याच्या पलीकडे परमपवित्रस्थान आणि त्यात कराराचा कोश. लोकांनी चालत आत यावं, प्रत्येक वस्तूपाशी थांबावं, आणि ती येशूबद्दल काय सांगते ते समजून घ्यावं. गुड फ्रायडेला शेवटची उपासना तिथेच, आणि त्या उपासनेत अंतरपट वरपासून खालपर्यंत फाडायचा.

एवढी मोकळी जागा आता भाईंदरमध्ये मिळते कुठे? ती मोरवा गावात मिळाली. तिथल्या एका जुन्या घराण्याचे गृहस्थ मंडप डेकोरेशनचा धंदा करतात. वाडवडलांची मिठागरं आणि भाताची शेती होती, आता घरामागची एक मोठी जागा बांबू, कनाती आणि खुर्च्यांचं सामान ठेवायला उरली आहे. पाळक त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "लगीन कुनाचं हाय?" लग्न नाही, देवाचा मंडप आहे, असं कळल्यावर म्हणाले, "मंग त काय, मंडप हाय ना? आपलाच धंदा." आणि जागा दिली, बांबू दिले, पांढऱ्या कनाती दिल्या.

कामं वाटली गेली. माझ्या नवऱ्याकडे आणि दोघातिघांकडे सुतारकाम आलं. खऱ्या मंडपाचं लाकूड बाभळीचं होतं. आमचं प्लायवूड, वर सोनेरी रंग. अंतरपट कोण करणार हा प्रश्न निघालाच नाही. सगळे सासूबाईंकडे बघायला लागले.

मला त्याच वेळी काही बोलायला हवं होतं असं वाटलं, पण त्या आधीच हो म्हणाल्या होत्या. त्यांना काचबिंदू आहे. औषधं चालू होती तरी नजर बाजूंनी आत आत येत चालली होती. समोरचं नेमकं दिसायचं, पण आजूबाजूचं नाही. सुईचं नेढं दिसायचं आणि दाराची चौकट लागायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवू.

घरी हॉलमधल्या मोठ्या टेबलावर कापड पसरलं. जाड सुती कापड, दोन पुरुष उंचीचं. त्यावर निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी रंगाच्या दोऱ्यांचे पट्टे भरायचे आणि मध्ये दोन करूब, म्हणजे पंखांचे स्वर्गीय रक्षक. सासूबाई लहान रिंग लावून तेवढाच भाग भरायच्या. रिंगेतलं त्यांना स्वच्छ दिसायचं, पण करूब अख्खा कसा दिसतोय ते दिसायचं नाही.

"मान लांब नाही ना झाली?" त्या विचारायच्या.

"थोडी झालीय."

"थोडी म्हणजे? बदकासारखी?"

"नाही हो आई. बगळ्यासारखी."

मग त्या उसवायच्या. मी ऑफिसातून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर बसायचे. पट्टे मी भरले, करूब त्यांनी. मला साधा साखळी टाका यायचा, त्यांनी मला जरीचा दोरा वरून बसवून बारीक टाक्यांनी धरायला शिकवलं.

बोलणंही तेव्हाच झालं. मी तोपर्यंत या वस्तू नुसत्या नावाने ऐकल्या होत्या. त्या एकेक समजावून सांगायच्या, शाळेत सांगाव्यात तशा. अंगणात शिरलं की पहिली होमवेदी, तिला वळसा घालून जाता येत नाही. तिथे निरपराध जनावराचा जीव जायचा, माणसाच्या पापासाठी. "तो येशूचा वधस्तंभ," त्या म्हणायच्या. मग गंगाळ, ते धुऊन शुद्ध होणं. तंबूला खिडकी नाही, आत उजेड फक्त दीपवृक्षाचा, कारण येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणाला. मेजावर भाकरी, कारण तो जीवनाची भाकर. धूपवेदी म्हणजे प्रार्थना. कोश म्हणजे देव माणसांत येऊन राहिला ती जागा, आणि कोशावरचं सोन्याचं झाकण म्हणजे दयासन. कोशात आज्ञा आहेत, माणसाने मोडलेल्या, आणि त्यांच्यावर दया बसलेली आहे.

"आणि सगळ्या सामानाला दांडे आहेत बघ," त्या म्हणाल्या. "कोशाला, मेजाला, वेदीला. उचलायचं आणि निघायचं. मला ते फार आवडतं. मीही तीन घरं बदलली."

अंतरपटाबद्दल मात्र मीच विचारलं. तो शब्द मला दुसरीकडून माहीत होता.

"तुमच्यात तो कोण धरतं?" त्यांनी विचारलं.

"भटजी एका बाजूने, दुसऱ्या बाजूने घरातलं कोणीतरी. मंगलाष्टकं संपली की बाजूला ओढतात, मग नवरानवरी एकमेकांना पाहतात."

"फाडत नाहीत?"

"नाही. तो तर पुढच्या लग्नालाही चालतो."

टाका घालता घालता त्या म्हणाल्या, "इथे पलीकडे देव. आत वर्षातून एकदा एकटा मुख्य याजक जायचा, तोही रक्त घेऊन, घाबरत घाबरत. बाकी सगळं राष्ट्र बाहेर. पुढे मंदिर बांधलं त्यातही अंतरपट होताच. येशूने वधस्तंभावर प्राण सोडला त्या क्षणी तो वरून खाली फाटला. खालून नाही. खालून माणसालाही फाडता येतो." मग म्हणाल्या, "शास्त्रात म्हटलंय की अंतरपट म्हणजे त्याचं शरीर. म्हणून तो नीट भरायचा. फाटणार आहे म्हणून कसाही नाही."

काम पुढे गेलं तशी माझी चलबिचल सुरू झाली. एक करूब पूर्ण झाला होता. त्याचे पंख जवळून बघितले तर प्रत्येक पिसाला तीन छटा होत्या. अशी नजर त्यांना पुन्हा मिळणार नव्हती. हे त्यांचं शेवटचं मोठं काम, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार.

मंडळीचे सचिव एकदा काम बघायला घरी आले. बराच वेळ ते कापडाजवळ उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, हा दोन तुकड्यांत करू या. मध्ये वेल्क्रो लावू. ओढला की फाटल्याचा आवाज पण येतो. दर वर्षी वापरता येईल."

"मलाही तसंच वाटतं," मी लगेच म्हणाले.

सासूबाईंनी रिंग खाली ठेवली. "दर वर्षी फाटणारा पडदा? सकाळी परत चिकटवणार का तुम्ही?"

"तसं नाही बाई, एवढी मेहनत..."

"मेहनत माझी आहे ना? मग राहू द्या."

सचिव चहा घेऊन गेले. त्यानंतर मी बोलले, आणि जरा जोरातच बोलले. म्हटलं, आई, लोकांना अर्थ कळला म्हणजे झालं. त्यासाठी खरंच फाडायची काय गरज आहे? डोळे एवढे ताणून केलंत, करूबांचा भाग घरात भिंतीवर लावू, पुढे नातवंडं बघतील. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू एवढी माझ्या बाजूने बोलतेयस, पण मला ठेवायचा नाहीये गं. ठेवला तर मी रोज त्याच्याकडे बघून म्हणेन, काय सुंदर काम केलं मी. आणि थोड्या दिवसांनी तेही दिसणार नाही. मग हात लावून बघत बसेन. नको."

मी रडले, त्या नाही रडल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा कामाला बसलो.

एका गोष्टीवरून मात्र आमचं जुळलं नाही. त्यांनी दोन्ही करूबांचे पंख मधोमध एकमेकांना टेकवले, आणि टेकतात तिथे जरीचे टाके दाट घेतले.

"आई, मधूनच फाडायचाय. मध्ये जरीचे टाके कशाला?"

"फाडायला सोपं जावं म्हणून कोणी पडदा करत नाही," त्या म्हणाल्या, आणि दोरा मागायला हात पुढे केला.

मंडप उभा राहिला तेव्हा गावातली माणसं आधी आली, मग मंडळीतली. डेकोरेटर रोज चक्कर मारायचे. कनात कुठे सैल आहे ते त्यांच्याच लक्षात यायचं. गंगाळ आम्ही रंगवलेल्या टबाचं करणार होतो, तर त्यांनी घरातलं जुनं तांब्याचं गंगाळ आणून ठेवलं. "टब काय ठेवता देवाला," म्हणाले. एकदा होमवेदीपाशी उभे राहून त्यांनी सासूबाईंना विचारलं, "मीठ न्हाय का लागत तुमच्या होमाला?"

"लागतं तर. प्रत्येक अर्पणात मीठ हवंच, तशी आज्ञाच आहे."

ते खूश झाले. संध्याकाळी घरून वाडगाभर जाडं मीठ आणून वेदीच्या कडेला ठेवलं. ते शेवटपर्यंत तिथेच होतं.

सासूबाई अंतरपटाजवळ खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्यांना सांगायच्या. डेकोरेटरांची बायको शेजारणींना घेऊन आली. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, दीपवृक्षाला हात जोडले, आणि अंतरपटापाशी येऊन थांबली.

"देव आतमधी हाय?"

"त्या काळी असं होतं. आत त्याचं तेज असायचं."

"आनि परदा बंद? मंग दर्शन कसं व्हायाचं?"

"नव्हतंच होत. सगळे बाहेर थांबायचे."

तिला ते पटलं नाही. "असा कसा देव," ती शेजारणीकडे वळून म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणून तर शुक्रवारी फाडायचाय. या तुम्ही."

त्या आल्या, पंधरावीस बायका. डेकोरेटर मागे उभे होते. ऊन उतरायला लागलं होतं आणि कनातींच्या आत उकडत होतं. पाळकांनी वधस्तंभावरच्या शेवटच्या तासाबद्दल वाचलं. दोन्ही बाजूंना शिड्या लावल्या होत्या. एकीवर माझा नवरा, दुसरीवर मंडळीतला एक जण. वरच्या काठाला सासूबाईंनी अंतरपट टांगण्याआधीच वीतभर चीर देऊन ठेवली होती. मी त्यांच्या खुर्चीशेजारी उभी होते. त्यांची भरतकामाची लहान कात्री त्यांच्या मांडीवर होती. कशाला आणलीय ते मी विचारलं नव्हतं.

वाचन संपलं आणि दोघांनी ओढलं. जाड कापड फाटण्याचा आवाज मोठा असतो. निळा पट्टा गेला, जांभळा गेला, आणि पंखांशी येऊन कापड अडकलं. दोघांनी पुन्हा ओढलं. जरीचे टाके सुटेनात. बांबू हलायला लागले. पाळक हळूच म्हणाले, "सावकाश, सावकाश."

सासूबाईंना एवढं उंचावरचं दिसत नव्हतं, पण आवाज थांबलेला कळला. "अडकलं का?" त्यांनी मला विचारलं.

"हो. पंखांशी."

त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. "जा. तुला माहितीय कुठले टाके ते."

"मी?"

"मग कोण? दुसऱ्या कोणाला शोधत बसतील ते."

मी तिथे जाणारी नव्हते. म्हणजे कोणी मनाई केली नव्हती, पण ती प्रभुभोजनासारखीच जागा होती. तिथे मी बसून राहते. मी पाळकांकडे पाहिलं. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. अडकलं होतं ते माझ्या डोक्याच्या वर, म्हणून नवऱ्याची शिडी मला दिली. तो खाली उतरला आणि शिडी धरून उभा राहिला. मी वर चढले. कापड एका हाताने ताणून धरलं आणि एकेक टाका कापला. ते टाके मी रोज समोर होताना बघितले होते, त्यामुळे शोधावे लागले नाहीत. शेवटचा टाका सुटला तसं कापड आपल्याच वजनाने पुढे फाटलं आणि मग दोघांनी ते जमिनीपर्यंत नेलं.

मी शिडीवरच होते. दोन्ही भाग बाजूला झाले आणि समोर कोश दिसला, सोनेरी रंगाचा, माझ्या नवऱ्याने रंगवलेला. मागची कनात एका कोपऱ्यात सुटली होती, तिथून उतरतं ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं. बाहेरच्या बायकांपैकी कोणीतरी म्हणालं, "दिसला." मग लोक उठून आत यायला लागले, गावातलेही. कोणाला विचारायची गरज कोणाला वाटली नाही. मी खाली उतरून सासूबाईंना धरून आत नेलं. त्यांनी दयासनावर हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "इथे पॉलिश राहिलंय."

परत येताना रिक्षात मी विचारलं, "वाईट वाटलं का?"

"वाटलं," त्या म्हणाल्या. "डावा करूब चांगला झाला होता."

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, मी नेहमीसारखी प्रभुभोजनाला जागेवर बसले. त्या परत आल्या, माझ्या हातावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच विचारलं, "तुला यावंसं वाटतं का?"

"कधी कधी," मी खरं तेच सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. बाजूच्या फळ्यावरचा पुढच्या गीताचा आकडा त्यांना दिसत नव्हता, तो मी सांगितला.

त्यानंतर त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. होतं तेवढं राहिलं, वाढलं काही नाही. भरतकाम सुटलं. आता संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवते. निवासमंडपाची मापं येतात तो भाग लोक सहसा गाळतात, पण त्यांना तोच हवा असतो. इतके हात लांब, इतके हात रुंद, कड्या किती, खुंट्या किती. मी कंटाळून मधलं एखादं वाक्य सोडलं तर त्या लगेच थांबवतात.

"मेजाची काठावरची पट्टी राहिली," त्या म्हणतात. "चार बोटांची. मागे जा."

मी मागे जाते.